सांधा कुणाच्या हातात?

ब्रेक निकामी झालेली गाडी, पुढे रुळावर पाच कामगार, बाजूच्या रुळावर एक, आणि सांध्याच्या दांड्याजवळ तुम्ही. दांडा ओढला तर पाच वाचतात, एक मरतो. नीतिशास्त्राचा पहिला तास आज बहुधा याच गाडीने सुटतो. इंग्रजीत या कोड्याला ‘ट्रॉली प्रॉब्लेम’ म्हणतात. आपल्याकडे ट्रॉली म्हटलं की ट्रॅक्टरमागे ऊस लादून हेलकावत चाललेलं धूड डोळ्यांपुढे येतं, म्हणून इथे ट्राम म्हणू. मूळ लेखातही ट्रामच होती. दांडा मात्र नव्हता, आणि तुम्हीही नव्हता.

तो लेख तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांचा, 1967 सालचा. विषय गर्भपात. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने गर्भपाताचा कायदा संमत केला. थॉमस अक्वायनसपासून चालत आलेलं कॅथलिक तत्त्व असं, की वाईट परिणाम आधीच दिसत असला तरी तो आपला हेतू नसेल आणि साधनही नसेल, तर कृत्य काही वेळा क्षम्य ठरतं. त्यामुळे गर्भवतीचा जीव वाचवायला गर्भाशय काढलेलं चालतं. प्रसूतीत अडकलेल्या अर्भकाचं डोकं फोडलेलं चालत नाही. फूट यांना हा भेद पटत नव्हता. तो तपासायला त्यांनी उदाहरणांची रांगच लावली. गुहेच्या तोंडाशी अडकून बसलेला लठ्ठ माणूस आणि मागे चढत येणारं पाणी. चवताळलेला जमाव शांत व्हावा म्हणून निरपराधाचा बळी देणारा न्यायाधीश. या गर्दीत ट्राम अगदी थोडक्यात येऊन जाते. लंडनमधली शेवटची ट्राम तोवर 1952 मध्ये थांबली होती, मुंबईतली 1964च्या मार्चअखेरीस.

फूट यांच्या ट्रामचा रूळ बदलतो तो तिचा चालक. सगळी मेख इथे आहे. चालकाने काहीही केलं तरी त्याच्या हातून माणसं मरणारच; मग पाचांपेक्षा एक बरा. पण एखाद्याला मारून त्याच्या देहापासून औषध बनवायचं आणि बाकीच्या रोग्यांना वाचवायचं, ही गोष्ट वेगळी. तिथे एका पारड्यात मारणं आहे, दुसऱ्यात मदत न करणं. न मारण्याचं कर्तव्य मदतीच्या कर्तव्याहून जड असतं, हे फूट यांचं उत्तर. डोकी मोजून ते निघत नाही.

रुळांवरची कोडी याआधीही घातली गेली होती. विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या फ्रँक शार्प यांनी विसाव्या शतकाच्या आरंभीच विचारून ठेवलं होतं, की सांधेवाल्याचं स्वतःचंच मूल रुळावर असेल तर? 1951 मध्ये हान्स वेल्झेल या जर्मन कायदेपंडितानेही गाडीचा सांधा बदलून पाहिला. पण ही चुलत घराणी. वंश चालला तो फूट यांचा.

चालवला ज्युडिथ जार्व्हिस थॉमसन यांनी, अमेरिकेत, म्हणून ट्रामची ट्रॉली झाली. 1976च्या लेखात त्यांनी चालकाला धक्क्याने मारून टाकलं आणि निर्णय एका प्रवाशावर सोपवला. 1985 मध्ये प्रवासीही उतरला. रुळाशेजारी एक वाटसरू आला आणि त्याच्या हाताशी दांडा. हा नुसता पात्रबदल नव्हता. वाटसरू गप्प उभा राहिला तर तो कुणाला मारत नाही, मरू देतो. म्हणजे फूट यांच्या हिशेबाने त्याने दांड्याला हात लावता कामा नये. तरी बहुतेकांना वाटतं, लावला तर चालेल. चालक गाडीतून गेला आणि उत्तरही गेलं. माझ्या मते कोडं खरं जन्मलं ते इथे. शिवाय 1976 मध्येच, गाडी थांबवायला पुलावरून ढकलायचा लठ्ठ माणूसही आला होता, बहुधा फूट यांच्या गुहेतूनच सुटलेला. (तत्त्वज्ञांचं लठ्ठ माणसांशी काय वैर आहे, कोण जाणे.)

गर्भपात मागच्या स्टेशनात राहिला. 2001 मध्ये जोशुआ ग्रीन आणि सहकाऱ्यांनी लोकांना मेंदूचं चित्रण करणाऱ्या यंत्रात झोपवून ही कोडी घातली. मग चालकाविना धावणाऱ्या मोटारी आल्या आणि एमआयटीच्या ‘मॉरल मशीन’ या संकेतस्थळावर जगभरातून जवळजवळ 4 कोटी निर्णय गोळा झाले, निष्कर्ष 2018 मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आले. म्हातारा की पोर, माणूस की कुत्रा, धडाधड बटणं दाबली गेली. कुणाला काय वाटतं हे त्यातून कळलं. तसं का वाटावं, या फूट यांच्या प्रश्नाला मात्र बटण नव्हतं.

बटणांच्या या धामधुमीआधीच, 2008 मध्ये, थॉमसन यांनी वाटसरूने दांडा ओढला तर चालेल हे आपलं जुनं मत मागे घेतलं होतं. त्या वर्षीच्या लेखात त्यांनी सांध्याला आणखी एक फाटा जोडला. एका बाजूला वळवली तर गाडी त्या एकट्या कामगारावर जाते. दुसऱ्या बाजूला वळवली तर दांडा धरून उभ्या असलेल्या माणसावरच. तो गाडी स्वतःवर वळवणार नसेल, आणि तसं त्याच्यावर बंधनही नाही, तर कामगाराच्या जिवावर पाचांना वाचवायचा अधिकार त्याला कुठून मिळाला, असं त्यांनी विचारलं. त्या वर्षी त्यांना एकोणऐंशी वर्षं पूर्ण झाली.