भट्टी, भिंत आणि पाहुणे

मद्यपानाच्या निषेधावर आपल्याकडे लेखन पुष्कळ झालें, त्यावरील कराचीं सरकारी दप्तरें त्याहूनही पुष्कळ. परंतु मद्य ज्या इमारतींत तयार होतें तिच्या रचनेकडे क्वचितच कोणाचें लक्ष गेलें. हल्लीं पुरातन गांवांजवळ पाहुण्यांसाठीं व्हिस्कीची नवी भट्टी उभारण्याची टूम जगभर निघाली आहे; म्हणून हा विषय आम्हांस अप्रस्तुत वाटत नाहीं.

वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेचा राजा हरिषेण याच्या काळीं अजिंठ्याचें पहिलें लेणें कोरलें गेलें असें बहुतेक विद्वान मानतात. त्या लेण्याच्या छतावर परदेशी वेषांतील एक पुरुष हातीं प्याला घेऊन ऐटींत बसलेला आहे. त्याहून जुना आधार कौटिल्याच्या अर्थशास्त्राचा. पानगृहास अनेक दालनें असावींत, निरनिराळीं शयनें व आसनें असावींत, गंध, माळा व पाणी असावें आणि जागा ऋतुमानाप्रमाणें सुखावह असावी, असें तो सांगतो. आजच्या वास्तुकारासही ही यादी चालेल! मात्र गिऱ्हाईक किती खर्च करतो हें टिपण्यासाठीं तेथें हेर ठेवावे, हेंही तोच सांगतो. आतिथ्य आणि पाळत एकाच छपराखालीं नांदत होतीं.

इंग्रजी अमलांत आतिथ्य गेलें, पाळत उरली. पूर्वीं मोहाच्या फुलांची दारू गांवोगांव मडक्यांत गाळली जाई. मुंबई इलाख्यांत 1878 च्या आबकारी कायद्यानंतर घरोघरच्या भट्ट्या मोडून तें काम सरकारी देखरेखीच्या आवारांत आणण्याचें धोरण चाललें: भोंवतीं भिंत, कुलूप सरकारचें, कर गॅलनमागें. 1892 च्या कायद्यानें ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत मोहाचीं फुलें बाळगण्यावरही निर्बंध आले. झाड आपल्या शेतांत, फूल आपल्या पायाशीं, पण परवान्यावांचून तें सांठविलें तर गुन्हा! वऱ्हाड 1853 पासून इंग्रजांच्या ताब्यांत होता. तेथले कायदे निराळे, तरी दारूवर मक्ता आणि कर तेथेंही होतेच.

आतां तीच भिंत पाडण्याची हौस आली आहे. गोव्यांत कुंकळ्ळीस पॉल जॉनची भट्टी आहे. तिची व्हिस्की 2012 सालीं लंडनांत प्रथम विक्रीस आली. तांब्याचीं भांडीं आणि लांकडी पिंपें पाहावयास तेथें लोक मुद्दाम जातात. स्कॉटलंडांत मॅकॅलननें 2018 सालीं उघडलेली भट्टी तर हिरवळीच्या छपराखालीं टेकडीसारखी दडविली आहे. शेजारीं 1700 सालचें जुनें घर उभें आहे, त्याच्यावर नव्या इमारतीनें कुरघोडी करूं नये हा हेतु त्यांत दिसतो. हा विनय आम्हांस फार आवडला. आपल्याकडे अशा प्रसंगीं खोटे बुरूज आणि सिमेंटच्या कमानी उभारण्याचा मोह अनावर होतो.

उद्यां वाशिमाजवळ कोणी असें कांहीं योजिलें, तर प्रथम पाण्याचा हिशेब मांडावा लागेल. वाफ थंड करावयास पाणी फार लागतें, आणि तेथला उन्हाळा कडक. उष्णतेनें पिंपांतील मद्य उडूनही जातें. स्कॉटलंडांत दरसाल सुमारें 2 टक्के, आपल्याकडे त्याच्या कित्येक पट. पद्मतीर्थाच्या गांवाशेजारीं तहानलेलीं माणसें पाहत असतां पाहुण्यांस दाखविण्यासारखें तें दृश्य नव्हे.

दुसरी गोष्ट न्यायाची आहे. मडकें असो वा तांब्याचें पात्र, क्रिया एकच: मद्यार्क 78 अंशांच्या सुमारास वाफ होतो, पाणी 100 अंशांस. 1949 चा दारूबंदी कायदा महाराष्ट्रांत अजून लागू आहे. त्याखालीं परवाना असलेल्या पात्रास मान आणि मडक्यास बेडी. मडक्याची बाजू सर्वस्वीं घेणेंही आम्हांस शक्य नाहीं. 2015 सालीं मालवणीच्या विषारी दारूनें शंभराहून अधिक माणसें मेलीं. तथापि चकचकीत पात्राशेजारीं एक मोहाचें मडकें ठेवून, तें कोणाचें होतें आणि कोणत्या सालीं कोणत्या कायद्यानें गेलें, हें तेथें लिहावयास कोणती अडचण आहे?