उजनी जलाशयाच्या उघड्या पात्रातील पदभ्रमंती

उजनी जलाशयाच्या उघड्या पात्रातील पदभ्रमंती म्हणजे भीमा नदीवरील उजनी धरणाचा पाणीसाठा उन्हाळ्यात खालावल्यावर, काठचे माळरान आणि कोरडे पडलेले पात्र ओलांडून बुडीत गावांच्या अवशेषांपर्यंत पायी जाणे होय. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा व माढा आणि पुणे जिल्ह्यातील इंदापूर या तालुक्यांतील गावांतून अशी भटकंती केली जाते. कुगाव येथील इनामदारांच्या वाड्याचे अवशेष, पळसदेव येथील पळसनाथ मंदिर आणि डिकसळचा जुना पूल ही तिच्यातील प्रमुख स्थळे आहेत. अंतराच्या मानाने ही चाल बरीच कष्टाची आहे, कारण वाटेत सावली नसते, गाळ फसवा असतो आणि पाण्याचा काठ आठवड्याआठवड्याला सरकत असतो.

भौगोलिक पार्श्वभूमी

उजनी धरण सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात असून ते १९८० साली पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाला यशवंतराव चव्हाण यांच्या नावावरून ‘यशवंतसागर’ म्हणतात. जलाशयाची एकूण साठवणक्षमता सुमारे ११७ अब्ज घनफूट (टीएमसी) आहे. त्यांपैकी सुमारे ५३.५ टीएमसी उपयुक्त साठा असून उरलेला सुमारे ६३.५ टीएमसी मृत साठा आहे. मृत साठा उपयुक्त साठ्याहून मोठा असल्यामुळे दुष्काळी वर्षांत त्यातूनही पाणी घेतले जाते आणि धरणाची पातळी ‘उणे’ टक्क्यांत सांगण्याची रीत येथे रूढ आहे. ही टक्केवारी उपयुक्त साठ्याच्या प्रमाणात मोजतात. उणे ५० टक्के म्हणजे मृत साठ्यातील सुमारे २७ टीएमसी पाणी कमी झालेले असते. २०२४ च्या उन्हाळ्यात पातळी उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेली होती.

दोन्ही काठांचा प्रदेश पर्जन्यछायेतील आहे. पाणी पोहोचलेल्या पट्ट्यात ऊस व केळीचे मळे दिसतात. त्याच्यामागे मुरमाड, उथळ मातीचे माळरान पसरलेले आहे. कुसळी गवत, तरवड, बोर, हिवर आणि वेडी बाभूळ ही तेथील नेहमीची वनस्पती होय. चंडोल, टिटवी, चिंकारा व लांडगा हे या माळाचे रहिवासी आहेत. याच माळरानांच्या रक्षणासाठी १९७९ साली सोलापूर व अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यांत माळढोक पक्षी अभयारण्य घोषित झाले. जलाशयाच्या उथळ भागात, विशेषतः भिगवण व कुंभारगाव परिसरात, हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित पक्षी (अग्निपंख) दिसतात.

पांढरी आणि काळी

मराठी मुलखात गावठाणाला ‘पांढरी’ आणि शेतजमिनीला ‘काळी’ म्हणण्याची जुनी पद्धत आहे. उघड्या पात्रात हा भेद आजही डोळ्यांना दिसतो. काळ्या गाळाच्या विस्तारात मध्येच फिकट मातीचा उंचवटा, खापरांचे तुकडे, जात्याच्या तळ्या, विहिरीचे कडे व जोत्याचे दगड आढळले, की तेथे जुने गाव होते असे समजावे. धरणामुळे येथील गावांची पांढरी आणि काळी दोन्ही पाण्याखाली गेली. गावे उंचावर वसवली गेली, त्यांची नावे मात्र बहुधा तीच राहिली. त्यामुळे कुगाव किंवा पळसदेव असे म्हणताना जुने व नवे अशी दोन ठिकाणे ध्यानात घ्यावी लागतात.

प्रमुख स्थळे

कुगावचा वाडा : कुगाव हे करमाळा तालुक्यात, भीमेच्या डाव्या तीरावर आहे. जुन्या गावठाणातील इनामदारांचा वाडा धरणात बुडाला. पाणी बरेच आटले, की त्याचे भग्न बांधकाम उघडे पडते. पांढऱ्या मातीच्या भिंती पाण्यात विरघळतात. घडीव दगडाचे पाये, कमानी आणि चुन्यातील बांधकाम मात्र तग धरते. बुडीत वाडे व गढ्यांचा वरचा भाग नाहीसा होऊन नुसता आराखडा उरतो, याचे कारण हेच आहे. याच तालुक्यातील न बुडालेल्या बांधकामाशी तुलना करावयाची असल्यास निंबाळकर घराण्याशी निगडित असलेला करमाळ्याचा भुईकोट किल्ला पाहता येतो.

पळसनाथ मंदिर : इंदापूर तालुक्यातील पळसदेव येथील हे मध्ययुगीन शिवमंदिर आहे. मंदिराचा देह दगडी असून त्यावर विटा व चुन्याचे उंच शिखर आहे. पाणी उतरू लागले, की प्रथम शिखर दिसते, मागाहून सभामंडप मोकळा होतो. परिसरात वीरगळ व सतीशिळाही आढळतात.

डिकसळचा पूल : पुण्याहून सोलापूरकडे जाणारा लोहमार्ग १८५८ मध्ये डिकसळपर्यंत आणि १८५९ मध्ये बार्शी रोडपर्यंत (आताचे कुर्डुवाडी) पोहोचला. भीमेवरील दगडी रेल्वेपूल त्याच काळातील आहे. धरणामुळे लोहमार्ग दुसरीकडून वळवण्यात आला आणि जुना पूल दोन्ही जिल्ह्यांना जोडणाऱ्या रस्त्यासाठी वापरात आला.

मार्गाचे स्वरूप

या भ्रमंतीसाठी आखलेली किंवा खुणा केलेली वाट नाही. एप्रिलपासून जूनमधील पहिल्या मोठ्या पावसापर्यंतचा काळ अनुकूल असतो, परंतु याच काळात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते. म्हणून पहाटे निघून दुपारपूर्वी परतणे किंवा मधली वेळ गावात काढणे इष्ट ठरते. साधारणतः नव्या गावातून मळ्यांच्या बांधाने माळावर, तेथून पूर्वीच्या पाणीरेषेपर्यंत आणि पुढे पात्रात असा क्रम असतो.

पात्रातील जमीन तीन प्रकारची असते. वरच्या पट्ट्यात भेगाळलेली कोरडी माती असते. तिच्याखालच्या पट्ट्यात काठचे शेतकरी ‘गाळपेर’ करतात, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात मका, चारा व भाजीपाला घेतात. पाण्यालगतचा पट्टा सर्वांत धोक्याचा होय. तेथे वरची साय वाळलेली दिसली, तरी खाली ओला गाळ असतो आणि माणूस त्यात कमरेपर्यंत रुतू शकतो. शेळ्यामेंढ्यांच्या व जनावरांच्या ताज्या वाटांनी चालणे त्यामुळे अधिक सुरक्षित ठरते.

पाणी मागे हटेल तसतसे शेतकरी आपले वीजपंप व जलवाहिन्या पुढे सरकवतात. त्यासाठी खणलेल्या चाऱ्या आणि जमिनीवर पसरलेल्या विजेच्या तारा ओलांडताना विशेष सावधगिरी बाळगावी लागते. उभ्या पिकातून जाऊ नये, हाही येथील साधा शिष्टाचार आहे.

जलवाहतूक व दुर्घटना

समोरासमोरच्या गावांमधील अंतर होडीने थोडे आणि रस्त्याने फार मोठे असल्यामुळे काठच्या लोकांचे दैनंदिन दळणवळण बोटींवर अवलंबून राहिले. पदभ्रमण करणारेही पलीकडच्या काठावर जाण्यासाठी त्यांचाच आधार घेतात. २१ मे २०२४ रोजी कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली बोट सायंकाळी वादळी वाऱ्यात उलटली. एक जण पोहून काठाला लागला, सहा जणांचा मृत्यू झाला. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर वारा अचानक उठतो आणि उघड्या जलपृष्ठावर त्याला अडवणारे काही नसते. जीवरक्षक जाकिटाशिवाय, किंवा आभाळ भरून आले असता, होडीत बसणे या कारणाने धोकादायक समजले जाते. या दुर्घटनेनंतर दोन्ही तीरांना जोडणाऱ्या पुलाची जुनी मागणी पुन्हा पुढे आली.

अवशेषांचे जतन

आलटून पालटून भिजणे व वाळणे यामुळे दगडांचे सांधे सैल होतात, तर गाळाच्या थरांखाली शिल्पे झाकली जातात. भिंतींवर चढणे, वीरगळ हलवणे किंवा दगड उचलून नेणे यांमुळे ही झीज वाढते. जुन्या गावांतील कुटुंबांसाठी हे अवशेष म्हणजे वाडवडिलांची घरे व दैवते आहेत. पाणी उतरल्यावर अनेक जण आपल्या घराचे जोते शोधण्यासाठी आणि देवदर्शनासाठी येथे येतात. पावसाळ्यात वरच्या धरणांतून विसर्ग सुरू झाला, की थोड्याच दिवसांत हा सर्व परिसर पुन्हा पाण्याखाली जातो.