हर्सूल तलावावरचं गाणं : एका शूटिंगचा घटनाक्रम

हा दिवस एका कॉलेजचा नाही. विद्यार्थ्यांच्या बऱ्याच शूटिंगांवरून जुळवलेला आहे. गाणी बदलतात, क्रम हाच.

सकाळी ६.१५. छत्रपती संभाजीनगरात दिल्ली गेटकडून तीन स्कूटी हर्सूल तलावावर. डिसेंबरची थंडी. ड्रोन आणलाय, पण मध्यवर्ती कारागृह जवळच आहे म्हणून तो पिशवीतच राहतो. तेवढी अक्कल सगळ्यांना आहे. कॅमेऱ्यात कार्ड मात्र एकच, ६४ जीबीचं.

७.००. सूर्य वर. "स्लो मोशन घेऊ!" कॅमेरा सेकंदाला ५० फ्रेमवर, गाणं नेहमीच्याच चालीत. पुढे हे २५ वर चालवलं की ओठ निम्म्या वेगाने हलणार. त्यासाठी आत्ताच गाणं दुप्पट वेगाने वाजवायला हवं होतं. हे रात्री कळेल.

८.१५. गायिकेचे क्लोजअप, साध्या गतीत. अंतऱ्यात ओढणी उडून ओठांवर येते, ती न थांबता बाजूला सारून गात राहते. टेक असा की दुसरा घ्यायची गरजच नाही.

९.२५. कार्ड फुल. फोर-के व्हिडिओला सेकंदाला १०० मेगाबिट लागत असतील, तर ६४ जीबी दीड तासही पुरत नाही.

९.४०. टपरीवर लॅपटॉप उघडतो. कार्ड रीडर जुना. एवढा माल उतरायला पाऊण तास.

१०.०५. "चला रे, हरसिद्धी मातेच्या देवळात गर्दी होईल!" लॅपटॉप मिटून पिशवीत. झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो, कॉपी आहे तिथे थांबते.

१०.३०. "कॉपी झालं का रे?"
"झालंय ना, फोल्डर दिसतोय."
क्लिप कुणी मोजत नाही. कार्ड फॉरमॅट.

खरं तर अजूनही काही गेलेलं नाही. फॉरमॅटने बहुतेक वेळा फक्त यादी पुसली जाते, माल कार्डावरच पडून असतो; फोटोरेकसारखं फुकटचं सॉफ्टवेअर त्यातलं बरंचसं परत काढतं. अट एकच, त्यावर नवं काही लिहायचं नाही.

१०.३५. रेकॉर्डचं बटण दाबलं जातं.

दुपारी १.३०. कार्ड पुन्हा फुल. गायिका परभणीच्या गाडीत.

रात्री ८.००. एडिटिंग. सकाळचे स्लो मोशन शॉट आहेत, ओठ जुळत नाहीत. क्लोजअप नाहीतच. पुण्यात ८ जानेवारी २००३ला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या साठ्यातली नायट्रेटवरची जुनी रिळं जळाली. तिथे निदान आग लागली होती. इथे 'ओके' दाबलं.

सकाळी सादरीकरण. कपडे, नाच, चहा, सगळ्याला माणूस नेमलेला होता, कार्डाला नव्हता. तुम्ही शूटिंगला निघाल तेव्हा तो आधी नेमा, आणि दोन ठिकाणी कॉपी होऊन क्लिप मोजल्याशिवाय त्याला कार्ड कुणाच्या हातात देऊ देऊ नका, दिग्दर्शकाच्याही नाही.