मेनिस्कसची इजा : भौतिकोपचार व पुनर्वसन

मेनिस्कस ही गुडघ्याच्या सांध्यात मांडीचे हाड व नडगीचे हाड यांच्या दरम्यान असणारी, चंद्रकोरीच्या आकाराची तंतुमय कूर्चा होय. प्रत्येक गुडघ्यात एक आतील व एक बाहेरील अशा दोन मेनिस्कस असतात. बोलीभाषेत त्यांना ‘गुडघ्याची गादी’ म्हटले जाते. ही कूर्चा फाटल्यावर सांध्याची हालचाल, स्नायूंचे बळ व शरीराचा तोल पूर्ववत करण्यासाठी जे नियोजनबद्ध व्यायाम दिले जातात, ते भौतिकोपचाराचा म्हणजेच फिजिओथेरपीचा भाग आहेत. काही रुग्णांत हे उपचार शस्त्रक्रियेनंतर केले जातात, तर अनेकांत शस्त्रक्रियेऐवजी.

रचना व कार्य

‘गादी’ हा शब्द सोयीचा असला तरी अपुरा आहे. मांडीच्या हाडाचे टोक गोलाकार आणि नडगीच्या हाडाचा माथा जवळजवळ सपाट असल्यामुळे ही दोन हाडे एकमेकांना थोड्याच जागी टेकू शकतात. मेनिस्कस मधली फट पाचरीप्रमाणे भरून काढते व भार मोठ्या क्षेत्रावर पसरवते. गुडघा सरळ असताना सांध्यावरील सुमारे निम्मा भार तिच्यामार्फत वाहिला जातो. गुडघा काटकोनात वाकला की हे प्रमाण सुमारे ८५ टक्क्यांपर्यंत जाते. आतील मेनिस्कस त्या बाजूच्या अस्थिबंधाला घट्ट जोडलेली असते. त्यामुळे ती बाहेरील मेनिस्कसइतकी सरकू शकत नाही आणि तुलनेने अधिक वेळा फाटते.

प्रौढ वयात मेनिस्कसच्या केवळ बाहेरच्या कडेला, रुंदीच्या साधारण १० ते ३० टक्के भागाला, रक्तपुरवठा असतो. या कडेजवळची चीर भरून येण्याचा संभव असतो. आतल्या भागातील चीर सहसा सांधत नाही. पुनर्वसनाचा वेग बव्हंशी या एका गोष्टीवर ठरतो.

इतिहास

१८८३ मध्ये एडिंबरो येथे टॉमस अ‍ॅनंडेल यांनी सुटलेली मेनिस्कस टाके घालून पुन्हा जागेवर बसवली. मात्र त्यांचा मार्ग फारसा कोणी अनुसरला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉन ब्लँड-सटन यांनी मेनिस्कस म्हणजे पायाच्या स्नायूचा निरुपयोगी अवशेष होय, असे मत मांडले आणि पुढे कित्येक दशके फाटलेली मेनिस्कस संपूर्ण काढून टाकणे हाच सर्वमान्य उपचार राहिला. १९४८ मध्ये टी. जे. फेअरबँक यांनी अशा रुग्णांच्या क्ष-किरण चित्रांत सांध्याच्या झिजेची लक्षणे दाखवून दिली. जपानमध्ये मासाकी वातानाबे यांनी १९६२ मध्ये दुर्बिणीच्या साहाय्याने केवळ फाटलेला तुकडा काढला. जे वाचवता येईल ते वाचवावे, हा विचार त्यानंतर हळूहळू रुजला.

शस्त्रक्रियेविना उपचार

तरुण वयात कबड्डी, फुटबॉल यांसारख्या खेळांत, जमिनीवर टेकलेल्या पायावर शरीर अचानक वळल्याने मेनिस्कस फाटते. चाळिशीनंतर मात्र ती बहुधा झिजेने, एखाद्या क्षुल्लक हालचालीनेही, विरते. एमआरआय तपासणीत दिसणारी प्रत्येक चीर दुखण्याचे कारण असतेच असे नाही. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम येथे ५० ते ९० वर्षे वयाच्या ९९१ व्यक्तींची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांच्या मेनिस्कसला चीर आढळली, त्यांपैकी ६१ टक्के लोकांना आधीच्या महिन्यात गुडघ्याचा कोणताही त्रास नव्हता.

२०१३ मध्ये फिनलंडमधील १४६ रुग्णांच्या चाचणीत काहींचा झिजलेला तुकडा दुर्बिणीद्वारे काढला, तर काहींवर शस्त्रक्रियेचा केवळ देखावा केला. वर्षभरानंतर दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. त्याच वर्षीच्या ३५१ रुग्णांच्या अमेरिकन चाचणीत भौतिकोपचार व शस्त्रक्रिया यांचे सहा महिन्यांनंतरचे परिणाम जवळजवळ सारखेच आले. भौतिकोपचार गटातील सुमारे ३० टक्के रुग्णांनी दरम्यान शस्त्रक्रिया करून घेतली होती, हेही ध्यानात घ्यावयास हवे. झिजेच्या चिरेत प्रथम काही महिने व्यायामोपचार करून पाहावेत, ही शिफारस अशा अभ्यासांवर आधारलेली आहे. चिरेचा तुकडा सांध्यात अडकून गुडघा सरळच होत नसेल तर तो व्यायामाने ओढून सरळ करू नये. तेथे अस्थिशल्यविशारदाचा सल्ला त्वरित घ्यावा लागतो.

सांध्यात सूज असेपर्यंत मांडीचा पुढचा स्नायू नीट आकुंचन पावत नाही. रुग्णाने कितीही जोर लावला तरी तो ‘झोपलेला’ राहतो. म्हणून प्रारंभी बर्फाचा शेक, पाय उंच ठेवणे आणि गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबण्याचा साधा व्यायाम देतात. त्यानंतर पाय सरळ ठेवून उचलणे, टाच अंथरुणावरून सरकवत गुडघा वाकवणे, स्थिर सायकल, पायरीवर चढ-उतार, अर्धवट बैठका व एका पायावर तोल सांभाळणे असा क्रम असतो. नितंबाच्या स्नायूंकडे दुर्लक्ष झाल्यास चालताना गुडघा आत झुकतो व श्रम वाया जातात.

शस्त्रक्रियेनंतर

तुकडा काढलेल्या रुग्णाला साधारणतः लगेच पायावर भार देता येतो. टाके घातलेल्या मेनिस्कसची गोष्ट निराळी. तेथे पहिले चार ते सहा आठवडे गुडघा ९० अंशांपलीकडे वाकवू देत नाहीत आणि चालताना पट्टा व कुबड्या वापरतात. मांडीच्या मागच्या स्नायूंचे जोरकस व्यायामही लांबवले जातात, कारण त्यांपैकी एका स्नायूचे तंतू आतील मेनिस्कसच्या मागच्या टोकाला जोडलेले असून ते टाक्यांवर ताण आणतात. मेनिस्कसचे मूळच हाडापासून सुटले असेल तर सुमारे सहा आठवडे पायावर भार देत नाहीत. दुखणे थांबल्यामुळे रुग्णाला हे निर्बंध जाचक वाटतात, परंतु दुखणे थांबणे म्हणजे चीर सांधणे नव्हे. पोटरी सुजून दुखू लागल्यास रक्ताची गुठळी झाल्याची शंका घेऊन तत्काळ तपासणी करावी लागते.

खेळाकडे परतण्यास टाके घातल्यानंतर साधारण चार ते सहा महिने लागतात. मात्र केवळ दिनदर्शिका पाहून परवानगी देत नाहीत. सूज नसणे, पूर्ण हालचाल आणि दुसऱ्या पायाच्या तुलनेत किमान ९० टक्के बळ हे निकष पाहिले जातात.

जमिनीवरील बैठक

पाश्चात्त्य देशांत तयार झालेल्या पुनर्वसन-आराखड्यांत खुर्चीवरून उठणे व जिना चढणे ही उद्दिष्टे असतात. भारतात मांडी घालून जेवणे, उकिडवे बसून भांडी घासणे वा शेतात खुरपणी करणे, वज्रासन, भारतीय पद्धतीचे शौचालय ही नित्याची गरज आहे. या सर्व स्थितींत गुडघा खोलवर वाकतो व मेनिस्कसच्या मागच्या टोकावर सर्वाधिक दाब येतो. टाके घातल्यानंतर अशी बैठक किमान चार महिने वर्ज्य सांगतात. त्या काळात कमोड-खुर्ची, उंच पाट किंवा ओट्याशी उभ्याने काम अशी सोय करावी लागते. पुढे आधी उशीचा व हाताचा आधार घेऊन, मग आधार कमी करत बैठकीचा सराव दिला जातो. खुरपणीसारखे काम उपजीविकेचेच असेल तर बसण्याची पद्धत व कामाचे तास यांचा विचार रुग्णाशी व घरच्यांशी बोलून पहिल्याच भेटीत करावा लागतो.