उसन्या नावाचे सोनाटा

इ. स. १७८० मध्ये लंडनच्या रॉबर्ट ब्रेम्नर ह्या प्रकाशकाने दोन व्हायोलिने व मंद्र साथ यांसाठी रचलेले बारा सोनाटा प्रसिद्ध केले. रचनाकार म्हणून त्यांवर जोव्हान्नी बात्तिस्ता पेर्गोलेसी याचे नाव होते. पेर्गोलेसीला निवर्तून तेव्हा ४४ वर्षे लोटली होती. आणि ते सोनाटा त्याचे नव्हतेच, असे आज संगीताचे इतिहासकार मानतात.

ह्या रचनाप्रकारास ट्रायो सोनाटा म्हणतात. ट्रायो म्हणजे तिघांचा मेळ. परंतु वाजविणारे बहुधा चौघे असत. दोन व्हायोलिनांचा मान सारखा. एकाने स्वरवाक्य उच्चारावे, दुसऱ्याने ते उचलून पुढे न्यावे. तिसरी ओळ मंद्र स्वरांची. ती चेलोवादक वाजवी, आणि तिच्यावरच दृष्टी ठेवून हार्प्सिकॉर्डवादक स्वरमेळ भरीत जाई. हे स्वरमेळ लिहिलेले नसत. मंद्र स्वरांजवळ केवळ अंक मांडलेले असत. त्या अंकांवरून उभ्या राहणाऱ्या अखंड साथीचे नाव कंटिन्युओ.

पेर्गोलेसी १७३६ साली अवघ्या सव्विसाव्या वर्षी क्षयाने वारला. 'ला सेर्व्हा पाद्रोना' हे त्याचे विनोदी संगीतनाट्य पुढे १७५२ मध्ये पॅरिसमध्ये झाले आणि इटालियन व फ्रेंच संगीताच्या पक्षपात्यांत मोठा वाद पेटला. अकाली मृत्यूने कीर्तीला वलय आले. मागणी वाढली, पण नव्या रचना देण्यास रचनाकार हयात नव्हता. मग इतरांच्या कृती त्याच्या नावाने खपू लागल्या.

ह्या बारा सोनाटांचे श्रेय आता दोमेनिको गाल्लो ह्या व्हेनिसच्या संगीतकाराला दिले जाते. त्याचा जन्म १७३० च्या सुमाराचा. म्हणजे पेर्गोलेसी वारला तेव्हा तो लहान बालक होता. कर्तृत्व एकाचे आणि कीर्ती दुसऱ्याची, असा हा व्यवहार शतकाहून अधिक काळ निर्वेध चालला.

त्याची परमावधी १९२० मध्ये झाली. दिआगिलेव्हने पेर्गोलेसीच्या म्हणून जमविलेल्या हस्तलिखितांच्या व छापील संगीताच्या प्रती स्त्राविन्स्कीच्या हाती दिल्या, आणि त्यांतून 'पुल्चिनेल्ला' हे नृत्यनाट्य निर्माण झाले. १५ मे १९२० रोजी पॅरिसच्या ऑपेरागृहात त्याचा पहिला प्रयोग झाला. नेपथ्य पिकासोचे होते. आरंभीचे वादन ह्याच संग्रहातील पहिल्या सोनाटावरून घेतलेले होते. प्राचीन संगीताकडे वळलेल्या स्त्राविन्स्कीच्या नव्या पर्वाचे दार त्या कृतीने उघडले. ज्याच्या स्वरांनी ते उघडले, त्या गाल्लोचे नाव मात्र त्या रात्री कोणाच्या ओठांवर नव्हते.

ह्यात अन्याय आहे, तसाच एक विरोधाभासही आहे. गाल्लोच्याच नावाने छापले जाते, तर हे सोनाटा इतके दूरवर पोहोचते की नाही, कोण जाणे! उसन्या नावाने त्यांना आयुष्य दिले आणि कर्त्याला विस्मृती. नाव पाहून दाद देणाऱ्या रसिकतेलाही ह्या दोषातून सर्वस्वी मुक्त करता येणार नाही. आता नाव दुरुस्त झाले आहे. स्वर मात्र पूर्वीही तेच होते.