डोंगरावरची गावं, दरीतले बांध

दक्षिण ट्युनिशियातल्या तातावीनहून पश्चिमेकडे निघालं की थोड्याच अंतरावर शेनिनी, दुइरेत आणि गेर्मेसा ही जुनी बर्बर गावं लागतात. तिन्ही डोंगरमाथ्याला धरून वसलेली. या डोंगररांगेचं नाव दहार. ती ओलांडली की सहारा. इथे येणारा प्रत्येक जण मान वर करून माथ्याकडे बघतो, आणि वाटाडे एकच कथा सांगतात: शत्रूच्या भीतीने माणसं वर गेली. कथा खरी आहे, पण अर्धीच. माझी नोकरी मराठवाड्यात पाणलोटाची कामं आखण्यात गेली. अशा माणसाचे डोळे आधी ओढ्याकडे जातात. या गावांचा उरलेला अर्धा इतिहास मला तिथे, दरीच्या तळाशी दिसला.

आधी भीतीबद्दल. सातव्या शतकात अरब फौजा या भागात आल्या. अकराव्या शतकात बनू हिलाल या भटक्या अरब टोळ्या इजिप्तकडून पश्चिमेला सरकल्या आणि सपाटीवरची जमीन हळूहळू पशुपालकांच्या ताब्यात गेली. इथले जुने शेतकरी, स्वतःला अमाझिग म्हणवणारे बर्बर, डोंगर धरून राहिले. माथ्यावर त्यांनी ‘कलआ’ म्हणजे गढी बांधली आणि तिच्या खालच्या उतारावर गाव वाढलं. पुढे भटक्यांशी समझोते झाले. त्यांनी राखण करायची, गावाने धान्यातला आणि तेलातला वाटा द्यायचा.

घर कुठे करायचं ते मात्र खडकाने ठरवलं. दहारमध्ये कठीण चुनखडक आणि मऊ, मातकट खडक यांचे आडवे थर एकावर एक आहेत. मऊ थर टिकावाने खणता येतो आणि वरचा कठीण थर आयतं छत होतो. म्हणून दुइरेतमध्ये घरांच्या ओळी थरांच्या रेषेने डोंगराला वळसा घालत जातात आणि प्रत्येक ओळीसमोरून एक गल्ली जाते. आत कोरून काढलेली खोली, तिच्यापुढे अंगण, आणि अंगणाच्या बाहेरच्या अंगाला दगडात बांधलेली, कमानदार छताची ‘घोर्फा’, म्हणजे कोठार. कोरलेल्या खोलीत भर उन्हाळ्यात गारवा असतो आणि हिवाळ्यात ऊब.

या घोर्फांपुढे मी रेंगाळले. दार एवढं बुटकं की वाकूनच आत शिरावं लागतं. आत जिप्समच्या गिलाव्यावर हाताचे पंजे आणि मासे उमटवलेले, धान्याला दृष्ट लागू नये म्हणून. जव, सुके अंजीर, ऑलिव्हचं तेल, सगळं इथे साठवलं जाई. तातावीनच्या दक्षिणेला क्सार औलाद सुलतान इथे तर अशा कोठारांचे चार मजले चौकाभोवती उभे आहेत. इतकी साठवण कशासाठी? या मुलखात एक वर्ष पिकतं आणि पुढची दोन-तीन कोरडी जाऊ शकतात. लुटारू कधीतरी येई, दुष्काळ ठरलेलाच. चांगल्या सालातलं धान्य वाईट सालापर्यंत टिकवायचं तर कोठार कोरडं, उंचावर आणि गावाच्या नजरेखाली हवं.

पण कोठारात भरायला धान्य यायचं कुठून? दहारमध्ये वर्षाला शंभर ते दोनशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही दोन-चार सरींत. आमच्याकडे सातशेच्या आसपास पडूनही उन्हाळ्यात टँकर धावतात. इथल्या लोकांनी प्रत्येक घळीत एकाखाली एक आडवे बांध घातले. अशा बांधामागच्या शेताला ‘जेसर’ म्हणतात, अनेक असले की ‘जेसूर’. पाऊस आला की उघड्या उतारावरचं पाणी माती घेऊन खाली येतं आणि बांधाशी थांबतं. पाणी मुरतं, गाळ बसतो. पिढ्यान्‌पिढ्या गाळ साचत गेला आणि नुसत्या खडकाच्या घळीत पुरुष-पुरुष खोल जमीन तयार झाली. तिच्यात ऑलिव्ह, अंजीर, बदाम आणि खजूर उभे आहेत. ओल चांगली असली की मधल्या जागेत जव आणि कडधान्य.

असा एक बांध मी जवळून पाहिला. मातीचा भराव, त्याला ‘ताबिया’ म्हणतात. पाण्याच्या खालच्या अंगाला कोरड्या दगडांची रचाई. भरावात दगडी सांडवा, ‘मसरफ’. सांडव्याची उंची अशी की शेताला हवं तेवढं पाणी थांबावं आणि जादाचं खालच्या शेजाऱ्याच्या शेतात उतरावं. पाणी पायऱ्यापायऱ्यांच्या दगडांवरून जातं, म्हणजे पायथा खचत नाही. गाळाने शेत वर आलं की सांडवाही एक थर वर घ्यायचा. वरच्याने सांडवा मनाला येईल तसा वाढवला तर खालचा कोरडा पडतो. म्हणजे दर पावसाला शेजारधर्माची परीक्षा. नकाशा, लेव्हल-मशीन, खात्याची मंजुरी यांतलं काहीच नसताना केलेलं हे काम पाहून माझी मान आदराने खाली गेली.

या शेतांचं पीक पुन्हा डोंगरातच जाई. डोंगरात कोरलेल्या गुहेतच तेलाचा घाणा असे. जनावर फिरून दगडाखाली ऑलिव्ह चिरडी. तो लगदा गवती चटयांत भरून चळत रचत आणि खजुराच्या खोडाची तरफ वरून दाबत. खोडाचं एक टोक भिंतीत रोवलेलं असे.

ही गावं लढाईत पडली नाहीत. 1881 मध्ये फ्रेंचांचा अंमल आला, मैदानात शांतता झाली आणि तातावीन हे ठाणं वाढलं. पुरुष आधीपासूनच पोटासाठी ट्युनिसला जात होते. ते अधिक संख्येने जाऊ लागले. 1956 च्या स्वातंत्र्यानंतर पायथ्याशी नळ, शाळा आणि रस्ता असलेली नवी गावं झाली. डोक्यावरून पाणी आणणाऱ्या बाईने खाली जायचं ठरवलं तर तिला कोण दोष देणार? गेर्मेसाचं जुनं गाव ओस पडलं, दुइरेतमध्ये मोजकी घरं जागती राहिली, शेनिनीत अजून काही कुटुंबं आहेत.

आज काही जुन्या घरांची डागडुजी होते आणि तिथे पाहुणे राहतात, ही चांगलीच गोष्ट आहे. माझी काळजी बांधांची आहे. हात लावणारं कोणी नसलं की एका मोठ्या सरीत सांडवा फुटतो, आणि वरचा एक फुटला की खालच्या सगळ्यांवर लोंढा येतो. शंभर वर्षांत साचलेली माती एका दुपारी वाहून जाते. गुहा रिकामी राहिली तरी टिकते, बांध टिकत नाही. कोठारं दुरुस्त करणाऱ्यांनी म्हणूनच पैशाचा आणि माणसांचा पहिला वाटा दरीत घालावा. आणि तुम्ही कधी तिकडे गेलात तर माथ्यावरून फोटो काढून परतू नका. तासभर घळीत उतरा, बांधावर उभे राहा, कोणी शेतकरी भेटला तर त्याला सांडव्याबद्दल विचारा. ते गाव कशावर जगलं हे तोच सांगू शकेल.