सुटे भाग एकमेकांत बसतात कसे?

गेल्या पावसाळ्यात माझ्या एका मैत्रिणीला डेस्कटॉप हवा होता. एम.एस्सी. झालेली, पीएच.डी.च्या प्रवेशाची तयारी चालू, आणि प्रथिनांच्या रेणूंचं सिम्युलेशन घरच्या घरी शिकायचं होतं. बजेट ३०,००० रुपये, तेही शिकवण्या घेऊन साठवलेले. तिने मला न विचारता एका ऑफिसातून निघालेला ब्रँडेड डेस्कटॉप ९,००० रुपयांना उचलला. विचार तसा चुकीचा नव्हता: उरलेल्या पैशांत वापरलेलं ग्राफिक्स कार्ड टाकायचं, काम झालं.

कार्डाला वीज जास्त लागते म्हणून आम्ही नवा एसएमपीएस आणला. कॅबिनेट उघडलं आणि बघितलं तर नव्या एसएमपीएसचा प्लग २४ पिनांचा, आणि बोर्डावरची जागा ६ पिनांची. बोर्ड काढून दुसऱ्या कॅबिनेटमध्ये टाकावा म्हटलं, तर स्क्रूची भोकंच जुळेनात.

"अगं, पण सगळे कॉम्प्युटर सारखेच असतात ना?" तिने विचारलं. तिचा चेहरा पडला होता. आणि मला उत्तर देता येईना.

रात्री त्यावर विचार करताना लक्षात आलं की आमचा प्रश्नच उलटा होता. एका कंपनीने स्वतःचा प्लग स्वतःच्या सोयीने बनवला, यात नवल काय? फ्रिजचा कॉम्प्रेसर आपण कुठल्याही कंपनीचा आणून बसवत नाही. नवल आहे ते बाकीच्या गोष्टींचं. लॅमिंग्टन रोडवर एका दुकानातून बोर्ड, दुसऱ्यातून रॅम, तिसऱ्यातून कॅबिनेट घ्या, भाग चार-पाच कंपन्यांचे असतील, आणि तरी घरी येऊन एका स्क्रूड्रायव्हरने मशीन उभं राहतं. हे कुणी ठरवलं? तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल तर ही सवय आत्ताच लावून घ्या: बिघडलेल्या गोष्टीचं कारण शोधण्याआधी, जी गोष्ट बिनबोभाट चालते तिचं कारण विचारा.

आता इतिहासाकडे. १९८० साली छोट्या कॉम्प्युटरच्या बाजारात ॲपल, टँडी, कमोडोर यांचा जोर होता. मोठ्या यंत्रांचा राजा असलेल्या आयबीएमकडे या बाजारासाठी काही नव्हतं. विल्यम लोव यांनी कंपनीपुढे प्रस्ताव ठेवला: साधारण एका वर्षात मशीन तयार करू, पण त्यासाठी कंपनीची नेहमीची पद्धत सोडावी लागेल. आयबीएमची पद्धत म्हणजे चिपपासून सॉफ्टवेअरपर्यंत सगळं घरचं. त्याला वर्षानुवर्षं लागत. फ्लोरिडातल्या बोका रटॉन इथे डॉन एस्ट्रिज यांच्या हाताखाली एक छोटी टीम बसली आणि तिने बाजारात मिळेल ते उचललं. प्रोसेसर इंटेलचा ८०८८, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची, प्रिंटर एप्सनचा. १२ ऑगस्ट १९८१ ला आयबीएम पीसी जाहीर झाला.

त्यात पाच एक्स्पान्शन स्लॉट होते. इतर कंपन्यांनी त्यांच्यासाठी कार्डं बनवावीत म्हणून आयबीएमने टेक्निकल रेफरन्स मॅन्युअल विकायला काढलं. त्यात सर्किटच्या आकृत्या होत्या, आणि बायॉसचा, म्हणजे मशीन चालू होताना आधी जागा होणाऱ्या प्रोग्रामचा, संपूर्ण कोडही छापलेला होता.

इथे बहुतेक लेख एक वाक्य लिहून मोकळे होतात: आयबीएमने पीसी सर्वांसाठी खुला केला. हे वाक्य जरा तपासून बघा. मॅन्युअल खुलं होतं, पण बायॉसवर कॉपीराइट होता. भाग बाजारातले घेतले ते घाई होती म्हणून, औदार्य म्हणून नाही. मायक्रोसॉफ्टला तीच ऑपरेटिंग सिस्टिम इतरांना विकायची मुभा करारात राहिली. एका निर्णयाचा परिणाम आणि तो घेणाऱ्याचा हेतू या दोन वेगळ्या नोंदी आहेत. परिणाम बघून हेतू लिहून टाकणं ही इतिहासातली फार सोपी चूक, आणि प्रयोगाच्या निष्कर्षातही आपण तीच करतो.

मग कुलूप उघडलं कसं? इथे दोन उदाहरणं शेजारी ठेवते. फ्रँकलिन नावाच्या कंपनीने ॲपल-२ सारखं मशीन बनवलं आणि ॲपलच्या रॉममधला कोड जवळपास जसाच्या तसा घेतला. ॲपल कोर्टात गेली. खालच्या कोर्टात फ्रँकलिनला दिलासा मिळाला, पण १९८३ मध्ये अपिलात निकाल फिरला: चिपमध्ये साठवलेल्या कोडलाही कॉपीराइट लागू होतो.

दुसरं उदाहरण कॉम्पॅकचं. रॉड कॅनियन, जिम हॅरिस आणि बिल मर्टो या टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधून बाहेर पडलेल्या तिघांनी १९८२ मध्ये ह्यूस्टनजवळ ती सुरू केली. त्यांना आयबीएमचे प्रोग्राम चालवणारं, उचलून नेता येईल असं मशीन हवं होतं. त्यांनी माणसं दोन गटांत विभागली. पहिल्या गटाने आयबीएमचा बायॉस काय काय करतो ते तपासून लिहून काढलं: अमुक इनपुट दिलं की अमुक उत्तर यायला हवं. दुसऱ्या गटाने आयबीएमचा कोड कधी पाहिलाच नव्हता. त्याने फक्त त्या वर्णनावरून नवा कोड लिहिला. कॉपीराइट शब्दरचनेवर असतो, कामावर नसतो. काम तेच, कोड वेगळा. याला 'क्लीन रूम' पद्धत म्हणतात. कॉम्पॅक पोर्टेबल १९८३ मध्ये बाजारात आलं आणि पहिल्याच वर्षी कंपनीची विक्री ११ कोटी डॉलरच्या पुढे गेली. पुढे फिनिक्स या कंपनीने अशाच पद्धतीने बायॉस लिहिला आणि ज्याला हवा त्याला विकायला सुरुवात केली. मग मात्र बांध फुटला. पीसी बनवायला आता कॉम्पॅकइतकं भांडवलही लागेना.

तुम्ही विज्ञानाचे असाल तर हे ओळखीचं वाटेल. औषधाच्या चाचणीत कुणाला खरं औषध आणि कुणाला साधी गोळी मिळाली हे मोजणाऱ्याला माहीत नसतं, ते याच कारणाने. माहिती कोणाकडून कोणाकडे गेली आणि कुठे जाणीवपूर्वक अडवली, याची नोंद ठेवली तरच 'आम्ही नक्कल केली नाही' हे सिद्ध करता येतं. फ्रँकलिन आणि कॉम्पॅक दोघांनाही सुसंगत मशीनच बनवायचं होतं. फरक होता तो कामाच्या पद्धतीत आणि तिच्या कागदपत्रांत. लॅब नोटबुक लिहायचा कंटाळा येतो तेव्हा मी स्वतःला हीच गोष्ट सांगते.

आयबीएमला हे सगळं पसंत पडणं शक्य नव्हतं. एप्रिल १९८७ मध्ये तिने पीएस/२ ही नवी मालिका आणली. त्यात मायक्रो चॅनल नावाची नवी बस होती. तांत्रिकदृष्ट्या ती जुन्यापेक्षा सरस होती, पण जुनी कार्डं तिच्यात बसत नव्हती, आणि तसं मशीन बनवायचं तर आयबीएमला परवान्याचे पैसे द्यावे लागत. सप्टेंबर १९८८ मध्ये कॉम्पॅकसह नऊ कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी ईसा ही पर्यायी बस जाहीर केली. तिच्या स्लॉटमध्ये जुनी कार्डंही बसत. ईसा स्वतः काही फार पसरली नाही, पण मायक्रो चॅनलही टिकली नाही. पीसी कसा असावा हे ठरवण्याचा अधिकार पीसी बनवणाऱ्या मूळ कंपनीकडे उरला नाही. नंतर ती जागा बऱ्याच अंशी इंटेलने घेतली: १९९२ मध्ये पीसीआय बस, आणि १९९५ मध्ये एटीएक्स.

एटीएक्स म्हणजेच आमच्या अडलेल्या प्रश्नाचं उत्तर. बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर, स्क्रूची भोकं अमुक ठिकाणी, मागचे पोर्ट अमुक चौकटीत, एसएमपीएसमधून अमुक पिनेला अमुक व्होल्ट. सुरुवातीला मुख्य प्लग २० पिनांचा होता, नंतर २४ चा झाला. पण हे पाळायची कुणावर सक्ती नाही. सुटे भाग विकणारा ते पाळतो, कारण नाही पाळलं तर माल खपणार नाही. अख्खं मशीन विकणाऱ्या कंपनीला तो धाक नसतो. मैत्रिणीचा तो ६ पिनांचा प्लग तिथून आला होता.

या खुल्या बाजाराचा संशोधनाशी थेट संबंध आहे. १९९४ मध्ये नासाच्या गॉडर्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी इंटेल ४८६ प्रोसेसरचे १६ साधे पीसी इथरनेटने जोडले, त्यावर लिनक्स टाकलं आणि त्याला बेओवुल्फ नाव दिलं. महागड्या सुपरकॉम्प्युटरसाठी रांगेत थांबणाऱ्या शास्त्रज्ञांना दुकानातल्या भागांवर गणितं करता येऊ लागली. तयार चिप घेऊन मोठं यंत्र उभं करायचा विचार त्याआधी पुण्यातही झाला होता: सी-डॅकचा १९९१ चा परम ८००० हा ब्रिटनच्या इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्युटर चिप जोडून बनवलेला होता. तिथे कारण वेगळं होतं, अमेरिकेची निर्यातबंधनं. आज तुमच्या विद्यापीठात जो क्लस्टर असेल तो बहुधा बेओवुल्फच्याच कुळातला.

आमच्या मशीनचं काय झालं? प्रोसेसर, रॅम आणि एसएसडी ठेवली. त्या प्रोसेसरला चालेल असा वापरलेला एटीएक्स बोर्ड आणि साधं कॅबिनेट घेतलं. एसएमपीएस आणलेलाच होता. ग्राफिक्स कार्ड ठरवलेलं त्याहून एक पायरी खालचं घ्यावं लागलं. हिशोब २९,००० च्या आसपास बसला. पहिलं सिम्युलेशन रात्रभर चाललं, आणि सकाळी तिचा फोन आला तो आलेख वाचायला मदत कर म्हणून.

जमलं तर आज एवढं करा. तुमच्या लॅबमधल्या एखाद्या जुन्या डेस्कटॉपची मागची बाजू बघा. जांभळं किंवा हिरवं गोल सॉकेट दिसलं तर ते पीएस/२ चं, त्या १९८७ च्या मालिकेतून आलेलं. शेजारचा निळा १५ पिनांचा व्हीजीए पोर्टही तिथलाच. आयबीएमची बस बाजाराने नाकारली, पण तिची सॉकेटं ठेवून घेतली. का, याचं उत्तर शोधायला लागा. संशोधनाचा प्रश्न असाच, हात लावता येईल इतक्या जवळ सापडतो.